फाटली पाहिजे अशी शिवण

गाडी मला चालवता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचून झाल्यावर कोणी विचारायला नको. पण गाडीच्या आत काय घालावं, काय घालू नये आणि घातलेलं कशानं पुसावं, हे मला कळतं. त्यावरच माझं पोट भरलं.

मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्या बाई आमच्या दुकानात काच पुसायचं फडकं घ्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, "मावशी, इतकी वर्षं काम केलंत, अनुभव लिहा ना." मी म्हटलं, मी चौथी शिकलेली बाई. तर म्हणाल्या, "जसं बोलता तसं लिहा." जसं बोलते तसं लिहिलं तर तुमचा अंक कोणी घरात ठेवणार नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्या हसल्या. मग मी जरा सांभाळून लिहायला बसले. तरी एखादा शब्द इकडेतिकडे गेला तर त्यांना बोला, मला नाही.

माझं माहेर इचलकरंजीच्या बाजूचं. वडील मागावर होते. शाळा सुटली तशी शिवण हातात आली. लग्न होऊन लंडनला आले तेव्हा इंग्रजी येत नव्हतं, पण मशीन चालवायला इंग्रजी लागत नाही. ईलिंगच्या मागच्या गल्लीत एका सरदारजींचं वर्कशॉप होतं. टॅक्सीवाले, मिनीबसवाले त्यांच्याकडे सीटची कव्हरं शिवायला यायचे. मी तिथे लागले. जाड रेक्झीन, जड मशीन, नायलॉनचा दोरा. सरदारजी एकच गोष्ट शिकवायचे, "बहनजी, सीट फट जाए, सिलाई नहीं फटनी चाहिए." मी ती शिकले. माझ्या हातच्या कव्हरांचं कापड विरलं, रंग गेला, गाड्या भंगारात गेल्या, पण शिवण गेली म्हणून कोणी परत आलं नाही. या एका गोष्टीची मला घमेंड आहे आणि ती मी लपवत नाही.

सरदारजी गेले. त्यांच्या मुलानं, अमरजीतनं, वर्कशॉपचं दुकान केलं. आता तिथे गाडीत घालायच्या आणि गाडीला लावायच्या वस्तू मिळतात. मागच्या खोलीत माझं मशीन अजून आहे. मॅटची कड सुटली, बूटमधल्या, म्हणजे डिकीतल्या, पडद्याचा हूक तुटला, असलं काम मी करते. बाकी वेळ काउंटरवर बसते. म्हातारी बाई बघून लोकांना वाटतं हिला काय विचारायचं. मग अमरजीत फोनवर असला की विचारतात.

आता सगळे इलेक्ट्रिक गाडी घेतात. आपली पुण्या-मुंबईची, नागपूरची मुलं तर जास्तच. ऑफिसच्या स्कीममधून मिळते म्हणतात. गाडी दारात यायच्या आधी ही मुलं दुकानात येतात.

"काकू, गाडी इलेक्ट्रिक आहे हं. तर त्याला स्पेशल शॅम्पू कोणता?"

"साधाच. गाडीच्या अंगावर वीज खेळत नाही."

"पण या बाटलीवर ईव्ही लिहिलंय."

"लिहिलंय म्हणून महाग आहे."

मग अमरजीत माझ्याकडे बघतो. बघू दे. तोही घरी आपली गाडी साध्याच शॅम्पूनं धुतो.

नवीन गाडीला लागतं काय, ते सांगते. पायाखाली रबरी मॅट, त्याच गाडीच्या मापाची, खालच्या हुकात बसणारी. एकच. आपल्या लोकांना मॅटवर मॅट घालायची सवय असते, खालची चांगली राहावी म्हणून. वरची सरकते आणि ब्रेकखाली जाऊन बसते. चांगली मॅट कोणासाठी राखून ठेवायची, हे मला कधी कळलेलं नाही. बूटमध्ये एक खोल ट्रे, म्हणजे भाजीचं पाणी, मुलांचे चिखलाचे बूट, सगळं त्यात राहतं. चार्जिंगची वायर ठेवायला पिशवी, कारण ती वायर रस्त्यावरचा चिखल घेऊन आत येते. वायरला घरातलं एक्स्टेंशन जोडू नये. आपण जोडाजोडीत हुशार, पण रात्रभर चालणाऱ्या विजेला हुशारी आवडत नाही. धुताना चार्जिंगच्या झाकणावर पाण्याचा फवारा मारू नये. मधल्या मोठ्या पडद्यावर काचेचा स्प्रे मारू नये, कोरडं मऊ फडकं पुरतं. सीट हल्ली चामड्यासारखी दिसते पण चामडं नसतं. तिला कोमट पाणी आणि थोडा साबण. हात धुवायचं जेल सांडलं तर लगेच पुसायचं, नाहीतर सीटचा वरचा थर निघतो. हळद लागली तर माझ्याकडे येऊ नका. पांढऱ्या सीटवरची हळद कशानंही जात नाही. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो.

हळदीवरून आठवलं. एजवेअरहून एक गृहस्थ आले होते. गाडी नवीन, पूजा झालेली, आणि तोंड उतरलेलं. म्हणाले, "गाडी सारखी ओरडतेय. समोर काहीतरी आहे म्हणते. डीलर म्हणतो आठवड्याने आणा." मी बाहेर जाऊन बघितलं. पुढच्या नाकावर झेंडूचा जाड हार, तारेनं बांधलेला. त्या नाकात गाडीचे डोळे असतात. आरशापाशी लिंबूमिरची, तिथेही मागे कॅमेरा. मी हार काढला, लिंबूमिरची काढली, त्यांच्या हातात दिली. गाडी गप्प झाली. ते म्हणाले, "दृष्ट लागू नये म्हणून बांधलं होतं." मी म्हटलं, आधी गाडीला दिसू द्या.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. पुढचं नेता येत नाही.

हल्लीच्या गाडीत पुढच्या सीटच्या पाठीत, दाराच्या बाजूला, एक हवेची पिशवी दुमडून ठेवलेली असते. तिथे कडेला एक लहानशी पट्टी शिवलेली असते, एअरबॅग लिहिलेली. गाडीला बाजूनं धक्का बसला की पिशवी सीटची शिवण फाडून बाहेर येते आणि माणूस व दार यांच्यामध्ये उभी राहते. पापणी लवायच्या आत. त्यासाठी सीटची तेवढी शिवण कारखान्यात कच्च्या दोऱ्यानं घातलेली असते. बाकी सगळी पक्की, तेवढीच कच्ची. फाटली पाहिजे अशी.

हे मला अमरजीतनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला पटलं नाही. कच्ची शिवण म्हणजे चोराचं काम, असंच मी शिकले होते. मग एका गिऱ्हाईकाची सीट आमच्याकडे आली. गोल चौकात बाजूनं व्हॅन घुसली होती. माणूस चालत दुकानात आला होता, हात गळ्यात बांधलेला, बाकी धड. सीट बदलायची होती, जुनी इथेच टाकून गेला. मी ती उलटी करून बघितली. शिवण वरपासून खालपर्यंत उघडली होती. कापड कुठेही फाटलं नव्हतं. फक्त टाके तुटले होते, एकामागून एक, सगळे सारखे. मी कात्रीनं त्या शिवणीची पट्टी कापून घेतली आणि मशीनच्या खणात ठेवली. उभं आयुष्य शिवण घातली, पण तिच्याहून चांगली शिवण मी बघितली नाही.

तेव्हापासून कोणी बाहेरून शिवलेलं किंवा भारतातून आणलेलं बंद कव्हर घेऊन आलं तर मी बसवू देत नाही. कडेला मोकळं असलेलं चालतं. किंवा कारखान्यात तपासलेलं, तसा शिक्का असलेलं. घरचं शिवलेलं बंद कव्हर नाही. लोक चिडतात. चिडू देत.

प्रज्ञा अशीच दुकानात आली. नागपूरची मुलगी, नर्स. दवाखान्यात नाही, घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांच्या जखमा धुते, इंजेक्शनं देते. दिवसभर गाडीत. नवीन इलेक्ट्रिक गाडी मिळाली होती. मॅट घेतली, ट्रे घेतला, वायरची पिशवी घेतली. मी सीटसाठी धुता येणारं कव्हर दाखवायला लागले, कारण तिच्या कपड्यांना कसलं काय लागलेलं असणार. ती म्हणाली, "नको मावशी, सीट कव्हर आई शिवून राहिली आहे."

"आई इथे आहे?"

"हो, व्हिजिटवर. आता जाणार परत." मग जरा थांबून म्हणाली, "तिला हार्टचं आहे. डॉक्टर म्हणाले, यानंतर फ्लाय नाही करायचं. म्हणजे ही शेवटची वेळ इथे यायची. म्हणून ती शिवतेय. तिच्या साड्यांचं. तिची पाठ माझ्या पाठीला, असं म्हणते."

"कसं शिवतेय? कडेनं बंद की मोकळं?"

"परफेक्ट बंद. सीटला मिठी मारल्यासारखं."

मी म्हटलं, "घालायच्या आधी मला दाखवायला आण. आईलाही आण."

दोघी आल्या त्या विमानाच्या आदल्या आठवड्यात. आई कौसल्याबाई. माझ्याच वयाच्या, पण अंगावर सूज, चालताना धाप. पांढरं नेसलेल्या, निळी किनार. आत आल्या आणि म्हणाल्या, "जय भीम, बाई." मीही जय भीम म्हटलं. त्यांनी दुकानाकडे बघितलंच नाही. थेट मागच्या खोलीतल्या मशीनकडे बघितलं.

"तुमी बी शिवनवाल्या, म्हन्ते पोरगी."

"हो. सीटची कव्हरं."

"मी शाळेचे ड्रेस शिवले. पोरांच्या चड्ड्या. चड्डी फाटली तं मायबाप भांडायले येत, म्हनून दोनदा शिवन मारो."

त्यांनी पिशवीतून कव्हर काढून काउंटरवर पसरलं. मी काय सांगू. पांढऱ्या साड्यांचे थर, निळ्या किनारीच्या पट्ट्या काठाला, आणि सगळं हातानं. गोधडीचा टाका, तांदळाच्या दाण्याएवढा, पुढून मागून सारखाच. गाडीची सीट पदरानं मोजून हे काम केलं होतं. डोकं ठेवायच्या जागेची भोकंसुद्धा बरोबर जागी. मी कड उलटून बघितली. दोन्ही बाजू दुहेरी दोऱ्यानं बंद. ओढून बघितलं. हललं नाही.

"कसं हाय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "बाई, हे गाडीत घालायचं नाही."

"काहून? वाकडं झालं का?"

"वाकडं नाही. शिवण फार चांगली आहे. इतकी पक्की आहे म्हणूनच नको."

प्रज्ञा मध्ये पडली. "मावशी, प्लीज. मला माहितेय तुम्ही कशाबद्दल बोलताय. साइड एअरबॅग. आय नो. पण आईची फ्लाइट आहे. राहू द्या ना. ती गेल्यावर मी काढून टाकीन."

"काढणार नाहीस," मी म्हटलं.

 कौसल्याबाई एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या.

"काय काढून टाकशीन?" त्यांनी तिला विचारलं. "मले सांगा कोनीतरी."

मी त्यांना बाहेर गाडीपाशी नेलं. दार उघडून सीटच्या कडेची ती लहान पट्टी दाखवली. त्यांचं बोट धरून तिथे दाबलं. आत काय आहे, कशासाठी आहे, सगळं सांगितलं. बाजूनं धक्का लागला तर ही शिवण फाटली पाहिजे. वर तुमचं कव्हर असेल तर पिशवी आतच अडकेल, किंवा भलतीकडे जाईल, आणि दार येईल तिच्या बरगड्यांवर. मी गोड करून सांगितलं नाही. मला तसं येत नाही.

त्यांनी गाडीचं दार लावलं. आत आल्या, स्टुलावर बसल्या, धाप कमी होऊ दिली. मी खणातली ती कापलेली पट्टी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"सारेच एकसारखे तुटले."

"हो."

"हे मुद्दाम कच्चं घातलं?"

"मुद्दाम."

"असं काम मी केलं असतं तं शेटनं हाकलून देलं असतं."

"मलाही," मी म्हटलं.

त्या हसल्या. खोकला आला तरी हसत होत्या. प्रज्ञा मात्र भिंतीशी तोंड करून उभी होती.

"कैची द्या," त्या म्हणाल्या.

मी कात्री दिली. प्रज्ञा वळली. "आई, नको ना. तू इतके दिवस बसून शिवलंस. मावशी, तुम्ही काही ॲडजस्ट करून द्या, तुम्हाला येतं ना."

"मला येतं, पण मी करणार नाही," मी म्हटलं. "कारखान्यातले लोक सीटा फोडून फोडून तो दोरा ठरवतात. मी अंदाजानं घालणार? तुझ्या जिवावर?"

"माझा जीव आहे ना, मग मला ठरवू द्या!"

"चूप बस," आई म्हणाली. मोठ्यानं नाही. "तुह्या जीवासाठीच आनलं होतं मी हे."

मग प्रज्ञा बाहेर जाऊन गाडीत बसली.

कौसल्याबाई उसवायला लागल्या. स्वतःचं पक्कं काम उसवणं हे सगळ्यात अवघड काम आहे, ज्याला शिवण माहीत आहे त्याला हे सांगायला नको. कात्रीचं टोक टाक्याखाली जात नव्हतं. बोटं सुजलेली. मी म्हटलं, "द्या, एक बाजू मी करते." त्यांनी हात बाजूला केला. "माह्या हातचं हाय. मीच काढीन." मी मग चहा केला. त्या मधूनमधून बोलत होत्या. नवरा लवकर गेला. मुलीला नर्सिंगला घातलं तेव्हा भावकी म्हणाली, लोकांची घाण काढायला शिकवते. "मी म्हटलं, आपले लोक आजवर फुकट काढत आले. हे पोरगी शिकून काढन, पगारावर." इकडे आल्यावर मुलगी पहाटे निघते, अंधार पडल्यावर येते, दोन घरांच्या मधल्या वेळात गाडीतच डबा खाते. थंडीत हीटर लावत नाही, बॅटरी उतरते म्हणून. "मंग म्हटलं, मी काय देऊ इले? मले इथली दुकानं कळत नाही. शिवन कळते."

दोन्ही कडा सुटल्या. कव्हराची एक लांब पट्टी झाली. त्यांनी ती मांडीवर पसरली आणि माझ्याकडे बघितलं. आता याचं काय, असं.

मी म्हटलं, "बूटमध्ये अंथरा, सामानाखाली."

"सामानाखाली? माह्या साड्या?"

हे माझं चुकलं. मी सवयीनं बोलले. दुकानात बसून माणसाला प्रत्येक कापडाची जागा गाडीतच दिसते.

मग मी म्हटलं, "ती थंडीत गाडीत बसून डबा खाते ना? तेव्हा मांडीवर घेऊ दे. गाडी उभी असताना. चालवताना नाही, पायात आली तर ब्रेक सापडायचा नाही. उभी असतानाच."

हे त्यांना पटलं. त्यांनी काचेवर टकटक करून प्रज्ञाला आत बोलावलं.

"ऐक. गाडी उभी असन तवाच घ्यायची मांडीवर."

"हो."

"चालवताना नाही."

"हो म्हटलं ना, आई."

"सीटवर तं नाहीच नाही."

प्रज्ञानं मान हलवली. आईनं तिच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग पट्टी घडी करून पिशवीत घातली. जाताना मला म्हणाल्या, "कड मी घरी जाऊन शिवून घेतो. उघडी कड बरी नाही दिसत." दोऱ्याचं एक रीळ मागितलं. मी दिलं. मी त्यांना शिवण फार चांगली आहे एवढंच म्हटलं होतं. आणखी चार शब्द बोलायला हवे होते. असं हातचं काम मी नंतर बघितलं नाही आणि आता बघेन असं वाटत नाही.

त्या नागपूरला परत गेल्या. थंडी येऊन गेली. प्रज्ञा अधूनमधून काचेचं पाणी घ्यायला यायची, आईबद्दल विचारलं की "बरी आहे" म्हणायची. मग बरेच दिवस आली नाही. आली तेव्हा मी विचारलं नाही. तिच्याकडे बघून कळलं.

दुकानात गिऱ्हाईक कोणी नव्हतं. तिनं पिशवीतून तेच काढून काउंटरवर ठेवलं. मी बघितलं तर ते पुन्हा कव्हर झालेलं होतं. दोन्ही बाजू बंद.

"मावशी, इथे एका बाजूचे टाके सुटलेत. आईचे हात शेवटी फार थरथरायचे ना, तर बघा कसे लांब लांब पडलेत. मशीनवर पक्कं करून द्या मला. फक्त ही एक बाजू."

मी चष्मा लावला. एक बाजू आतली, दोन सीटच्या मधली. तिथे तांदळाचे दाणे, दुहेरी दोरा, आधीसारखीच शिवण, ओढून हलणार नाही अशी. दुसरी बाजू दाराकडची. तिथे एकेरी दोरा, बोटभर लांबीचे टाके, आपण कापड बेतताना धावदोरा घालतो तसे. अर्धे सुटलेले.

मी दोन्ही बाजू तिच्यापुढे शेजारी शेजारी ठेवल्या.

"हात थरथरत होते म्हणतेस. मग ही बाजू कोणी शिवली?"

"आईनंच."

"आणि ही?"

"आईनंच. त्याच दिवशी. मी समोर होते."

"एका दिवशी एका बाजूला हात थरथरतो आणि दुसऱ्या बाजूला नाही?"

तिनं दोन्ही बाजूंच्या टाक्यांवर बोट फिरवलं.

"सीटवर घातलंस ना तू हे?" मी विचारलं.

"एकदा." मग म्हणाली, "दोनतीनदा. ती गेल्याचा फोन आला त्यानंतर. उतरताना-चढताना ते सुटलं."

"सुटणारच. सुटावं म्हणूनच घातलंय. तुझी आई तुझं 'हो' ओळखून होती. तू घालणार हे तिला माहीत होतं. उघडं दिलं असतं तर तू कोणाकडून तरी पक्कं शिवून घेतलं असतंस. म्हणून दाराकडची बाजू तिनं कच्ची ठेवली."

प्रज्ञा स्टुलावर बसली. तेच स्टूल. मी तिला रडू दिलं. पाठीवर हात ठेवला नाही. मला जमत नाही ते. नळावर जाऊन पेला भरून आणला आणि जवळ ठेवला.

मी खणातली जुनी पट्टी काढली नाही. गरज नव्हती. पण माझ्या मनात तेच होतं. आयुष्यभर दोनदा शिवण मारणारी बाई, जिनं शिवलेल्या चड्ड्या पोरांना फाडता आल्या नाहीत, तिनं जाण्याआधी मुद्दाम एक कच्ची शिवण घातली. ते तिला किती जड गेलं असेल, हे त्या कामातल्या माणसालाच कळेल. मला एकदा अमरजीतनं सांगून पटलं नव्हतं. तिला माझ्या दुकानात एकदा दाखवलं आणि तिनं उचललं.

तरीही जे सांगायचं ते मी सांगितलं. "आता नीट ऐक. कारखान्यातला दोरा तपासलेला असतो. आईचा दोरा कोणी तपासलेला नाही. तिनं तिला जमलं तेवढं केलं, म्हणून ते सीटवर घालायला मोकळीक झाली असं नाही. तिनं तुला नाही म्हणून सांगितलं होतं."

"मला माहितेय."

"मग?"

"नाही घालणार." या वेळी तिनं मान हलवली नाही, तोंडानं बोलली.

"आणि पक्कं मी करून देणार नाही."

"मग हे असंच सुटलेलं ठेवू?"

"असंच ठेव."

ती उठली. जाताना सवयीनं शेल्फवरची एक बाटली उचलली, कापडाचे डाग काढायची. "हे धुवू नकोस," म्हणून मी ती तिच्या हातातून घेऊन परत जागेवर ठेवली. अमरजीत बघत होता. बघू दे.

बाहेर तिची गाडी दुकानासमोरच उभी होती. ती आत बसली, ते कापड मांडीवर पसरलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. मग उतरली, मागचं दार उघडलं, ते घडी करून मागच्या सीटवर ठेवलं. पुन्हा पुढे बसायला दार उघडलं तेव्हा मला काचेतून सीटची कड दिसली. ती लहान पट्टी दिसली. वर काही नव्हतं. तिनं पट्टा लावला, दार ओढलं आणि पुढच्या पेशंटच्या घरी गेली.